केमिस्ट्रीवाल्यांनो, सेमीकंडक्टरमधे यायचंय? जर्मेनियम प्रिकर्सरवरच्या कामाचा अनुभव

जळगावला विद्यापीठात एमएस्सी करणाऱ्या मुलामुलींचे फोन येतात, ताई सेमीकंडक्टरमधे जायचंय पण आम्ही पडलो केमिस्ट्रीवाले, तिकडे फिजिक्स-इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनाच घेतात ना? अजिबात नाही. चिपवर जी पातळ फिल्म बसते ती बऱ्याचदा कुठल्यातरी मॉलिक्यूलमधून येते आणि तो मॉलिक्यूल, म्हणजे प्रिकर्सर, केमिस्टच बनवतो. मी चोपड्याची, पीएचडी मुंबईत ऑरगॅनोजर्मेनियम (जर्मेनियम-कार्बन बाँड असलेल्या) प्रिकर्सरवर केली, त्यातलं सुरुवातीलाच माहीत असावं असं जे वाटतं ते लिहितेय.

विंकलरने १८८६ मधे जर्मेनियम शोधलं आणि पुढच्याच वर्षी टेट्राइथाइलजर्मेन बनवलं, म्हणजे आपला विषय जवळपास मूलद्रव्याइतकाच जुना. १९४७ चा पहिला ट्रान्झिस्टरही जर्मेनियमचा. नंतर सिलिकॉन पुढे गेलं, त्याचं एक मोठं कारण म्हणजे जर्मेनियमचा ऑक्साइड पाण्यात विरघळतो, सिलिकॉनचा घट्ट बसून राहतो. पण जर्मेनियममधे इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) दोन्ही जास्त वेगाने पळतात, बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा, ०.६७ इलेक्ट्रॉनव्होल्ट (सिलिकॉनचा १.१२) म्हणून इन्फ्रारेड पकडता येतो, शिवाय फेज-चेंज मेमरीत (पदार्थाची रचना बदलून माहिती साठवणारी मेमरी) जर्मेनियम-अँटिमनी-टेल्युरियम लागतं, त्यामुळे आता त्याला परत मागणी आहे.

फिल्म बनवायला नेहमी वापरतात तो जर्मेन गॅस, जर्मेनियमवर चार हायड्रोजन. विषारी, हवेत पेट घेऊ शकतो, उकळतो उणे ८८ डिग्रीला, म्हणजे प्रेशरच्या सिलिंडरमधेच ठेवावा लागतो. म्हणून एका हायड्रोजनच्या जागी आयसोब्युटाइल लावलं की आयसोब्युटाइलजर्मेन मिळतं, ते लिक्विड आहे, बबलर नावाच्या भांड्यात भरायचं, त्यातून कॅरियर गॅस (वाफ वाहून नेणारा गॅस) सोडायचा आणि वाफ फर्नेसमधे न्यायची.

आता खरी गोष्ट. आपल्याला कॉलेजात मॉलिक्यूल बनवायला शिकवतात, इथे तो कसा मोडतो हे आधी बघायचं. भरताचं वांगं नीट भाजलं की साल अलगद सुटते आणि गराला काही चिकटत नाही, लिगँड, म्हणजे जर्मेनियमला जोडलेला गट, तसा निघायला हवा. आयसोब्युटाइलला बीटा हायड्रोजन (जर्मेनियमपासून दुसऱ्या कार्बनवरचा) आहे, तो जर्मेनियमकडे जातो आणि आयसोब्युटीन गॅस होऊन बाहेर पडतो. टेट्रामिथाइलजर्मेनमधे बीटा हायड्रोजनच नाही, जर्मेनियम-कार्बन बाँड थेट तोडावा लागतो, तापमान जास्त लागतं आणि फिल्ममधे कार्बन राहण्याचा धोका. बीएस्सीला पाठ केलेलं बीटा एलिमिनेशन इथे फिल्मची शुद्धता ठरवतं, मला तर हे समजलं तेव्हाच या विषयाची गोडी लागली. जर्मेनियम सल्फाइडची फिल्म हवी असेल तर जर्मेनियम-सल्फर बाँड आधीच असलेला मॉलिक्यूल घ्यायचा, एकाच बाटलीतून दोन्ही अणू.

टीजीए, म्हणजे तापवत नेताना वजन कसं घटतं त्याचा आलेख, वाचायला मनापासून शिका. वाफ करून न्यायचा प्रिकर्सर असेल तर वजन एकाच पायरीत उतरून शेवटी जवळपास काहीच उरू नये, मोडून घन पदार्थ द्यायचा असेल तर उरलेला टक्का हिशोबाशी जुळतो का ते बघायचं. हिशोब सोपाय, टेट्राइथाइलजर्मेनमधे जर्मेनियम वजनाने साधारण ३८ टक्के. समजा उरलं ५० टक्के, तर कार्बन किंवा ऑक्साइड आहे का हे आधी शोधायचं, एक्सआरडीत (एक्स-रे डिफ्रॅक्शन, स्फटिक ओळखायची पद्धत) २७.३ डिग्रीजवळ जर्मेनियमचं पीक दिसलं म्हणून खुश होऊन थांबायचं नाही, कारण अमॉर्फस (स्फटिक नसलेला) कार्बन त्यात ठळक दिसतच नाही.

हाताचं काम म्हणजे श्लेंक लाइन आणि ग्लव्हबॉक्स, हवा आणि ओलावा लागू न देता काम करायची साधनं. आपल्या खानदेशात एप्रिल-मेमधे हवा इतकी कोरडी असते की ओलाव्याचा विचारच मनात येत नाही, मुंबईत जुलैमधे जर्मेनियम टेट्राक्लोराइड हवेत उघडं पडलं की पांढरा धूर, ऑक्साइड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड तयार. तेव्हा सॉल्व्हंट ड्राय करणं, काचेची भांडी ओव्हनमधे तापवणं, ग्रीस लावणं ही कामं खालच्या दर्जाची समजू नका, सगळं यश यावरच आहे. आणि ब्युटाइललिथियम (हवा लागली की पेटू शकतं) एकट्याने कधीच हाताळू नका, सिनियर शेजारी हवाच.

नेट-गेटचा अभ्यास करताना मेन ग्रुप ऑर्गॅनोमेटॅलिक्स सोडू नका, बरेच जण सोडतात. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएससीच्या नॅनोफॅब सुविधा बाहेरच्यांना वापरता याव्यात म्हणून आयएनयूपी नावाचा सरकारी कार्यक्रम आहे, त्यात ट्रेनिंगही होतं, त्यावर लक्ष ठेवा.

आणि पीएचडीला गाइड निवडताना एक प्रश्न न लाजता विचारा, सर किंवा मॅडम, डिपॉझिशन (फिल्म बसवणं) आपल्याच लॅबमधे होतं की सॅम्पल बाहेर पाठवतो? बाहेर जात असेल तर रिझल्ट येईपर्यंत वाट बघावी लागते आणि मॉलिक्यूल बदलून लगेच परत करून बघता येत नाही. तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्यांशीही बोला, ग्लव्हबॉक्स चालू आहे का आणि आर्गॉन वेळेवर येतो का हे त्यांनाच नीट माहीत असतं.