लग्नाळू हिरोचं संगीत विनोदी नाटक बसवताय? मग आधी हे वाचा

कोल्हापुरात आमच्या हौशी ग्रुपनं असं एक नाटक बसवलं, त्यातनं जे कळलं ते सांगतो.

आधी हिरो नीट लिहा. आमचा हिरो 34 वर्षांचा, रंकाळ्याजवळ गॅरेज, स्थळं बघून बघून घरचे दमले पण ह्याला मनापासून वाटतंय की आपली कुठंतरी असणारच. हसू त्याच्या आजूबाजूच्यांवर काढा की, मामा आहे, मध्यस्थ आहे, बायोडाट्यात 2 इंच उंची वाढवणारी आत्या आहे, पण त्याच्या आशेची टिंगल करू नका, ती गेली की नाटकच गेलं. आमचा हिरो प्रत्येक कांदेपोह्याला खिशात गजरा घेऊन जायचा, आणि नकार आला की घरी येऊन तो आज्जीच्या अंबाड्यात माळायचा. पहिल्यांदा पब्लिक खळखळून हसलं, तिसऱ्यांदा कोणच हसलं नाही, आणि चौथ्यांदा तो काय बोलायच्या आत आज्जीनंच डोकं पुढं केलं तेव्हा थेटरात नुसत्या टाळ्या. गजरा खराच घ्या, मोगऱ्याचा, ओल्या कागदात गुंडाळलेला. भिजलेला खिसा पहिल्या रांगेला दिसतो.

गाणं कुठं टाकायचं तर जिथं हिरोला बोलणं सुचेना तिथंच. विनोदी नाटक आहे म्हणून चाल पण गमतीची केली तर माणूस खोटा वाटायला लागतो. मानापमान हे संगीत नाटक बघा, 1911 चं, प्रेमात मानापमानाचा एवढा गोंधळ आणि गोविंदराव टेंब्यांच्या चाली मात्र अस्सल रागदारीतल्या. 8 जुलै 1921 ला मुंबईत दोन नाटक कंपन्यांनी मिळून त्याचा संयुक्त प्रयोग केला तेव्हा नायक धैर्यधर होते आपल्या कोल्हापूरचे केशवराव भोसले आणि नायिका भामिनी बालगंधर्व. केशवरावांच्या नावाचं आपलं नाट्यगृह ऑगस्ट 2024 मध्ये आगीत गेलं, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. अजून विषय निघाला की पोटात कालवतं.

आता पट्टी, म्हणजे गाणाऱ्यानं पेटीच्या कुठल्या पट्टीला सा धरायचा ते, इथं लई जण फसतात. आमचा हिरो काळी एकला, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला गाणारा, हिरॉईन काळी चारची, आणि युगुलगीत आम्ही सरळ हिरोच्या पट्टीत बसवलं. तालमीत चाललं, प्रयोगात तिचा आवाज खालीच राहिला, शेवटच्या रांगेला शब्दच पोचेनात, पोरगी आत येऊन रडली. चूक आमची होती. काळी एकचा पंचम, म्हणजे प, म्हणजेच काळी चार, मग तिचा अंतरा तिथं सा धरून करा, मध्ये ऑर्गनचा छोटा तुकडा घाला आणि हिरोच्या कडव्याला परत खाली या. पट्टी पात्रं ठरली त्याच दिवशी ठरवा.

दोन तासांच्या नाटकाला 6-7 गाणी बास. पेटीवाला आणि तबलजी पहिल्या आठवड्यापासून तालमीला पाहिजेत, शेवटच्या चार दिवसांत बोलवून भागत नाही, कारण हशा किती लांबेल तेवढा वेळ सूर धरून ठेवणं त्यांच्या हातात असतं. नटांना सांगा, हशा चढताना गप्प राहायचं, उतरायला लागला की पुढचं वाक्य घ्यायचं.

तिकीट लावून करणार असाल तर संहिता राज्य सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरकडं, आधी पाठवा, त्यांच्या प्रमाणपत्राशिवाय जाहीर प्रयोग नको. ते हातात आल्यावरच हॉलची तारीख घ्या.

शेवटच्या सीनला मात्र गाणं घालू नका. हिरॉईन हो म्हणत पण नाही, नुसती पाठमोरी होते आणि वेणी पुढनं मागं टाकते. हिरो खिशात हात घालतो. त्याचा हात थरथरू दे, गजरा नीट माळून होऊ दे, तोवर ऑर्गनवर एकच सा, आणि लाईटवाल्याला बजावून ठेवा, आज्जीनं डोळे पुसल्याशिवाय ब्लॅकआऊट नाही.