जुनी आऊटबोर्ड मोटर ओळखताना आणि तिचे पार्ट शोधताना या चुका टाळा

एप्रिलमध्ये विस्कॉन्सिनच्या तळ्यांवरचा बर्फ वितळला की मला फोन येऊ लागतात. कुणीतरी इस्टेट सेलमधून (घर रिकामं करताना होणाऱ्या सामानाच्या विक्रीतून) जुनी आऊटबोर्ड मोटर, म्हणजे होडीच्या मागे लटकवायचं इंजिन, उचललेली असते, कव्हरवर कधी न ऐकलेलं नाव असतं आणि पहिला प्रश्न ठरलेला: "हिचे पार्ट कुठे मिळतील?" मी विचारतो, "मोटरवरच्या पट्टीचा नंबर काय आहे?" बहुतेक वेळा तो कुणी पाहिलेलाच नसतो. त्याच त्या चुकांपायी चांगल्या मोटरी भंगारात जाताना पाहून जीव तुटतो, म्हणून हे लिहितोय.

कव्हरवरच्या नावावर विसंबणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 1940 ते 1970 च्या दरम्यान अमेरिकेतली मोठी दुकानं मोटर दुसऱ्याकडून बनवून घेत आणि तिच्यावर आपलं नाव लावून विकत. सिअर्सची एल्गिन, माँटगोमेरी वॉर्डची सी किंग, वेस्टर्न ऑटोची विझार्ड, इतकंच काय, टायरवाल्या गुडइयरचीसुद्धा सी-बी होती. सी-बी बनायची इलिनॉयमधल्या गेल्सबर्गला, गेल प्रॉडक्ट्समध्ये, आणि ती जॉन्सन आणि एव्हिनरूड या नामांकित मोटरींच्याच कंपनीची शाखा. विझार्ड बरीच वर्षं कीकहेफरने, म्हणजे मर्क्युरीवाल्यांनी बनवली. एल्गिन बनवायची वेस्ट बेंड, मिलवॉकीच्या उत्तरेची, ॲल्युमिनियमची भांडी करणारी कंपनी. सी किंगचे तर बनवणारेच वेळोवेळी बदलत गेले, त्यामुळे नुसतं "सी किंग" म्हणून पार्ट मागण्यात काही अर्थ नाही.

आमच्या मंडळातल्या एका तरुणाने साडेसात हॉर्सपॉवरची एल्गिन आणली. त्याला कुणीतरी सांगितलं, "एल्गिन म्हणजे एव्हिनरूडच." त्याने रात्रीत ठिणगीसाठीचे कॉइल आणि पॉइंट, इंजिन थंड ठेवायला पाणी वर चढवणारा रबरी पात्यांचा इम्पेलर, कार्ब्युरेटरचं किट असं सगळं एव्हिनरूडचं मागवलं. कॉइल बसेनात, ते बाजूला ठेवले. इम्पेलर पंपाच्या घरात जाईना, तर याने कानशीने त्याच्या रबरी पात्या घासून तो आत घातला. जुन्याच कॉइलवर मोटर सुरू झाली. पाण्याच्या ड्रममध्ये चार मिनिटं छान चालली, पण पाणी वर चढतच नव्हतं. माझ्याकडे आणली तेव्हा सिलिंडरवर उभे ओरखडे होते आणि पिस्टन इतका घासलेला, की रिंगा खाचेतच अडकल्या होत्या.

मी आधी मोटर होडीला पकडणाऱ्या क्लॅम्पच्या ब्रॅकेटवर तेल लावलं, रात्रभर ठेवलं आणि सकाळी नायलॉनच्या ब्रशने हलक्या हाताने चोळलं. रंगाच्या थराखालून नंबरची पट्टी निघाली. पट्टीवर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवली, तसे आकडे उमटले: 571, मग टिंब, मग पुढचे आकडे. सिअर्सच्या नंबरात टिंबाआधीचे तीन आकडे बनवणारा कोण ते सांगतात, आणि 571 म्हणजे वेस्ट बेंड. 1965 मध्ये वेस्ट बेंडचा आऊटबोर्डचा धंदा क्रायस्लरने घेतला, म्हणून पुढचा शोध क्रायस्लरचा जुना माल ठेवणाऱ्यांकडे. इम्पेलर तिथेच मिळाला. पिस्टनसाठी मात्र दुसरी बंद पडलेली एल्गिन विकत घ्यावी लागली. "काका, एवढंसंच होतं?" असं तो म्हणाला. एवढंसंच होतं, पण पार्ट मागवायच्या आधी करायचं होतं.

पट्टीला सँडपेपर किंवा ग्राइंडर कधीही लावू नका, आकडे उथळ असतात. पट्टीच हरवली असेल तर अनेक जॉन्सन-एव्हिनरूडच्या पॉवरहेडवर (वरच्या मूळ इंजिनवर) गोल धातूचं बूच असतं, त्यावर नंबर ठोकलेला सापडतो. 1980 पासूनच्या त्यांच्या मॉडेलमध्ये वर्ष अक्षरांत लपलेलं असतं. 'इंट्रोड्यूसेस' या इंग्रजी शब्दाची दहा अक्षरं घ्या: आय म्हणजे 1, एन 2, टी 3, आर 4, ओ 5, डी 6, यू 7, सी 8, ई 9 आणि शेवटचा एस 0. मॉडेलमधलं अगदी शेवटचं अक्षर सोडून त्याआधीची दोन वाचायची. सी-डी असेल तर 1986.

सिअर्सच्या नंबरात 217 दिसलं तर मोटर आयोवातल्या एस्काची. बऱ्याचशा एस्कांवर टेकमसेचं पॉवरहेड असतं आणि त्याचा नंबर वेगळा ठोकलेला असतो. कार्ब्युरेटर आणि इग्निशनसाठी टेकमसेचा नंबर सांगायचा, खालच्या गिअरकेससाठी एस्काचा. एकाच नंबरावर सगळं मागणारे हमखास फसतात.

फ्लायव्हील हातोडीने काढणं

याचा मला मनापासून राग येतो. कॉइल आणि पॉइंट फ्लायव्हीलखाली, म्हणजे इंजिनच्या वरच्या जड चाकाखाली, असतात आणि फ्लायव्हील क्रँकशाफ्टच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेलं असतं. मग लोक कडेला स्क्रू-ड्रायव्हर घालून वरून ठोकतात, किंवा तीन नखांचा पुलर कडेला अडकवून ओढतात. कड तडकते, लोहचुंबक सुटतं, शाफ्टचे आटे चेपतात. जो पार्ट बाजारात मिळत नाही तोच आपल्या हाताने मोडून बसतात, आणि तेही अर्धा तास वाचवायला.

माझी सवय अशी: नट शाफ्टच्या टोकाशी सपाट येईपर्यंत सैल करायचा, पण काढायचा नाही. फ्लायव्हीलच्या मधोमध आट्यांची तीन भोकं असतील तर बोल्टचा पुलर त्यांत बसवायचा, मधला बोल्ट ताणायचा आणि त्याच्या डोक्यावर एक नेमका ठोका द्यायचा. नाही सुटलं तर आट्यांवर भेदक तेल सोडून मी जेवायला जातो. परत आल्यावर बहुतेकदा सुटतं. खाली कॉइल तडकलेले दिसले तर घाबरू नका. 1950 ते 70 च्या दशकांतल्या बहुतेक लहान जॉन्सन-एव्हिनरूडना एकाच प्रकारचा कॉइल चालतो आणि तो आजही नवा मिळतो. पॉइंटची गॅप 0.020 इंच, फीलर गेजनेच बघा.

बाकीच्या

पंख्याच्या शिअर पिनच्या जागी खिळा घालू नका. दगड लागला की पिनने तुटायचं असतं. खिळा टिकतो आणि गिअर तुटतात.

ऑइलचं प्रमाण अंदाजाने धरू नका. जुन्या ब्रॉन्झ बेअरिंगवाल्या मोटरींना 24:1 (24 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल) लागतं, 50:1 त्यांचा जीव घेईल.

कार्ब्युरेटरचा फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा तुकडा) कॉर्कचा असेल तर त्यावरचा शेलॅकचा थर इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये विरघळतो. पेट्रोल बिनइथेनॉलचं घ्या.

1950 च्या दशकातल्या जॉन्सन-एव्हिनरूडच्या टाकीला दोन नळ्या दिसल्या तर ती दाबाची टाकी आहे, म्हणजे एका नळीने हवेचा दाब आत जातो आणि दुसरीतून पेट्रोल येतं. तिला साधी एक नळी जोडून "पेट्रोल येत नाही" म्हणून कार्ब्युरेटर उघडत बसू नका.

आणि जुना पार्ट नवा बसेपर्यंत टाकून द्यायचा नाही, कितीही तुटका असो. पार्ट शोधायला मी नंबरासोबत तोही नेतो. 1965 मध्ये सुरू झालेला अँटिक आऊटबोर्ड मोटर क्लब आहे, त्याचे लोक मोटरी घेऊन जमतात. तिथे नंबर वाचून हो म्हणणारे थोडे, पण हातात पार्ट घेऊन ओळखणारे पुष्कळ. एका मेळाव्यात एका आजोबांनी माझा अर्धा झिजलेला इम्पेलर घेतला, पात्या मोजल्या, मधल्या भोकावरून अंगठा फिरवला आणि टेबलाखालचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला. त्यात तसलेच तीन होते, मेणकागदात गुंडाळलेले.