पेनिलिया मोजायची तर

रत्नागिरीजवळ पेनिलिया, म्हणजे समुद्रात तरंगणारी इवलीशी पाणपिसू, हवी असेल, तर नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या की लगेच कामाला लागा. पावसाळ्याच्या सुमारास हिची झुंबड उडते आणि पुढे महिनोन् महिने एखादीच सापडते.

जाळी २०० मायक्रॉनची, तोंड ५० सेंटिमीटर व्यासाचं. १०० मीटर ओढली की साधारण २० घनमीटर पाणी गाळलं जातं. तांडेलाला होडी अगदी हळू ठेवायला सांगा, नाहीतर पाणी तोंडाशीच तुंबतं. भरती-ओहोटीची वेळ दरवेळी सारखीच ठेवा. नमुना ४ टक्के फॉर्मॅलिनमध्ये.

खरी मजा सूक्ष्मदर्शकाखाली. नुसती डोकी मोजून थांबणाऱ्यांचं मला नवल वाटतं! मादीच्या पाठीवरची पारदर्शक पिशवी बघा. आत बरेच गर्भ, त्यांना काळे डोळे फुटलेले, म्हणजे नराविना वाढ जोरात चालू आहे. एक-दोनच गडद, जाड कवचाची अंडी दिसली तर नरही शोधा: हंगाम उतरणीला लागला. ती अंडी तळाच्या चिखलात पडून राहतात आणि पुढची पिढी त्यांतूनच निघते. फॉर्मॅलिनमध्ये काही माद्यांचे गर्भ बाहेर पडतात, म्हणून बाटलीचा तळही तपासा.