कोकणात बदली होऊन आलात? आधी अंथरुणाची सोय बघा

दरवर्षी बदल्यांच्या दिवसांत देशावरची बरीच मंडळी रत्नागिरीत येतात. शिक्षक, नर्स, बँकेतली मुलं. महिनाभरात बहुतेकांची तक्रार एकच असते: रात्री झोप लागत नाही. मी मूळची सोलापूरची, नोकरीने इथे आले आणि इथलीच झाले. म्हणून हे आपल्या माणसांसाठी.

आपल्याकडे ऊन जास्त, पण घाम वाळतो आणि अंग गार पडतं. इथे हवेतच इतकं पाणी असतं की घाम अंगावरच राहतो. सोलापुरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीत ३००० च्या वर. झोप येण्यासाठी शरीराचं तापमान थोडं उतरावं लागतं आणि नेमकं तेच इथे अडतं. त्यामुळे खोलीत काहीही मांडताना एकच बघा: तिथून हवा खेळते का?

पलंग भिंतीला चिकटवू नका. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत पाणी पिते आणि पावसाळाभर ओली राहते; निदान वीतभर अंतर सोडा. खाली सलग प्लायवूड असेल तर गादीच्या पोटाला बुरशी धरते. फटी सोडून मारलेल्या लाकडी पट्ट्या उत्तम. लोखंडी खाट स्वस्त पडते, पण खाऱ्या हवेत गंजते आणि त्याचे डाग चादरीवरून निघत नाहीत.

गावाकडून जाड कापसाची गादी आणायचा मोह होईल. आणू नका. कापूस ओल धरून ठेवतो, ओलीत धूळकिडे वाढतात, मग सकाळी शिंका आणि दम्याचा त्रास सुरू. काथ्याची गादी घ्या, तिच्यातून हवा जाते. वर कापसाचं पातळ अंथरूण घातलं की पाठीलाही बरं वाटतं. गादी खराब होऊ नये म्हणून खाली प्लास्टिक पसरतात, त्याने ओल आतच कोंडते. पावसात उघडीप मिळाली की गादी उभी करून पंख्याखाली ठेवा. ती उन्हात घालायचं खरं काम मात्र मे महिन्यातच उरका. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, खरेदी चालू असते तेव्हाच आमच्या शेजारच्या काकू सगळी अंथरुणं खळ्यात, म्हणजे अंगणात, पसरतात. सोलापुरी चादर जानेवारीसाठी राखून ठेवा. जुलैत धुतली तर वलणीवर चार-चार दिवस ओलीच राहते. पावसाळ्यात पातळ सुती चादरी बऱ्या, आणि त्या दोन जास्तच ठेवा.

खिडक्यांचं गणित इथे वेगळं आहे. दिवसा समुद्रावरून खारा वारा येतो. रात्री जमीन पाण्याआधी निवते आणि वारा उलट, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा हिवाळ्यात चांगला जाणवतो. म्हणून उसं पूर्वेच्या खिडकीजवळ घ्या आणि वाऱ्याला बाहेर पडायला पश्चिमेची खिडकी किंचित उघडी ठेवा. पावसाळ्यात मात्र नैऋत्येची झड थेट अंथरुणावर येते. तेव्हा पश्चिमेच्या बाजूला माडाच्या झापांचा आडोसा बांधून घ्या. वादळी पावसात रात्री वीज जाते, म्हणून सगळी भिस्त पंख्यावर आणि एसीवर ठेवू नका.

आता सर्वांत महत्त्वाचं. उकडतं म्हणून गार फरशीवर झोपू नका, मुलांना तर अजिबात नाही. मण्यार ही विषारी सापाची जात रात्री फिरते, घरात शिरते, आणि तिचा दंश फारसा दुखत नाही. झोपलेल्याला कळतही नाही. पहाटे पोटात दुखायला लागलं, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर सकाळ व्हायची वाट न बघता सरकारी रुग्णालय गाठा. मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका. चिऱ्यांच्या फटींत लाल विंचूही असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, तेव्हापासून पुष्कळ जीव वाचले. पण वेळेत पोहोचायला हवंच. पलंगावर झोपा, मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली नीट खोचा. डास आणि साप-विंचू दोन्ही बाहेर राहतात. अंथरूण पसरण्याआधी झटकायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

आवाजाचं म्हणाल तर समुद्राची गाज जून-जुलैत रात्रभर घुमते. ती एकसारखी असते, कान लवकर सरावतात. पत्र्यावरच्या पावसाचं तसं नाही, जोराची सर आली की दचकून जाग येते. शक्य असेल तर कौलारू घर बघा. पत्र्याचंच घ्यावं लागलं तर आतून छत मारून द्या, असं घरमालकांना मे महिन्यातच सांगा. पाऊस सुरू झाला की या कामाला सुतार मिळत नाही.