सस्कॅचेवानची पेरणी: रिपोर्टमधला टक्का बघा, पण आधी माती उकरा

मे उजाडला की गावाकडून दादाचा फोन येतो, "काय रे, झाली का पेरणी?" मी म्हणतो अजून जमीन गार आहे. त्याला ते काही पटत नाही. आपल्याकडं कसं, मृग लागला, दोन-तीन दमदार पाऊस झाले, वाफसा आला की पाभर बाहेर. इथं पावसासाठी कुणी अडून बसत नाही, इथं वाट बघायची ती जमिनीतलं गोठण उतरायची, आणि पेरणीला लागणारी ओल बरीचशी मागच्या पावसाची न् हिवाळ्यातल्या बर्फाचीच असते.

माझा हा कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात, दक्षिणेकडच्या धान्याच्या फार्मवरचा चौथा सीझन. आपल्याकडची बरीच पोरं आता इकडं सीझनला कामाला येतायत, प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच, पेरणी कधी, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी रिपोर्टचं. प्रांताचं कृषी खातं सीझनभर दर गुरुवारी क्रॉप रिपोर्ट काढतं, ठिकठिकाणचे व्हॉलंटिअर आपापल्या भागाची माहिती कळवतात त्यावरून. प्रांताचे सहा भाग केलेत, प्रत्येकात किती टक्के पेरणी झाली आणि पाच न् दहा वर्षांच्या सरासरीच्या पुढं की मागं, ते त्यात असतं. आता गंमत अशी की आकडे सोमवारपर्यंतचे आणि हातात पडतात गुरुवारी. साठ फुटी ड्रिल, म्हणजे पेरणीयंत्र, ताशी साडेचार मैलांनी चाललं तर कागदावर तासाला ३२ एकर होतात, भरणं-वळणं धरून २५ म्हणा, म्हणजे १६० एकरांचं एक क्वार्टर सहा-साडेसहा तासात उरकतं, आणि मे अखेरीला उजेड रात्री नवापर्यंत असतो. तीन दिवस कोरडी हवा मिळाली की तो टक्का शिळा झालाच समजा.

म्हणून टक्का एकटा वाचू नका, शेजारी वरच्या थरातल्या ओलीचा तक्ता असतो तो बघा: जास्त, पुरेशी, कमी, फार कमी. पेरणी मागं आहे आणि ओल जास्त आहे म्हणजे ट्रॅक्टर रुततायत. पेरणी पुढं आहे आणि ओल कमी, म्हणजे लोक सरळ धूळपेरणी करतायत आणि आता पावसावर भरवसा. रंगवलेला नकाशा दोन्हीकडं छान दिसतो, शेतकऱ्याची झोप मात्र वेगवेगळ्या कारणानं उडालेली असते.

पण तुमच्या शेतात ड्रिल कधी घालायचं हे रिपोर्ट सांगणार नाही. त्यासाठी एक साधा मातीचा थर्मामीटर घ्या आणि बी जेवढ्या खोल जाणार तेवढ्याच खोलीवर सकाळी आठला आणि रात्री आठला खुपसा, दोन्हीची सरासरी काढा, असं दोन-तीन दिवस. दुपारी दोनला खुपसून "आली की बारा डिग्री" म्हणणारे मी पाहिलेत, त्याला अर्थ नाही. वाटाणा, मसूर, गहू यांना पाच डिग्रीच्या आसपास चालतं म्हणून ते आधी घेतात. कॅनोला, हे इथलं तेलबियांचं पीक, पाचला उगवतो खरा पण कंटाळत उगवतो, आणि तेवढ्यात फ्ली बीटल म्हणजे पिसूएवढे काळे किडे कोवळी पानं चाळणीसारखी करून टाकतात. सोयाबीन लावणार असाल तर दहा येईपर्यंत थांबा. आणि आकडा आला तरी पुढच्या आठवड्याचा फोरकास्ट बघा, थंडीची लाट येणार असेल तर उपयोग नाही.

मग वाफसा. हा शब्द इथल्या लोकांना नाही, पण गोष्ट तीच. प्रांताची राजधानी रिजायना, तिच्या आसपासची जड चिकणमाती, हे लोक तिला गम्बो म्हणतात, बघितली की आपलं काळं रान आठवतं, ओली असताना बुटाला किलोकिलोनं चिकटते. मूठभर घेऊन दाबा, चेंडू झाला आणि बोटानं टिचकी मारल्यावर फुटला तर चालतंय, नुसता चपटा होऊन चिकटला तर घरी जा. ओल्यात घुसलात की ओपनर, म्हणजे माती फाडणारा फाळ, तासाच्या म्हणजे सरीच्या कडा लिंपून टाकतो, नंतर ऊन पडलं की त्या विटेसारख्या होतात आणि मूळ बाजूला शिरत नाही, शिवाय मागच्या माती दाबणाऱ्या पॅकर चाकांना चिखल चिकटून खोली बिघडते ती वेगळीच.

आता खोली. इथं जरा थांबतो कारण माझी चूक इथंच झाली. कॅनोला म्हणजे मोहरीचंच भावंड, दाणा तेवढाच, त्याला अर्धा ते एक इंच बस. गव्हाला एक ते दोन, वाटाण्याला आणखी खोल चालतं. पहिल्या वर्षी बॉसनं सांगितलं होतं की दर वेळी टाकी भरताना मागं उकरून बघ. मी बघत होतो, पण मधल्या फ्रेमच्या मागंच, तिथं पाऊण इंच येत होतं, मी खुश. उजव्या विंगचं, म्हणजे ड्रिलच्या उजव्या पंखाचं, सेटिंग उतरलं होतं, तिकडं बी दोन इंच खाली चाललं होतं. पंधरा दिवसांनी शेतात विंगेएवढा रुंद विरळ पट्टा, सरळ अर्धा मैल, शेताजवळच्या ग्रिड रोडवरून जाणारा प्रत्येक पिकअप तिथं हळू व्हायचा. बॉस ओरडला नाही, त्यानं दुसऱ्या दिवशी कॅबमध्ये एक सहा इंची पट्टी आणि पुट्टीची पत्री आणून ठेवली. ती अजून माझ्याकडं आहे. तर दोन्ही विंग, मधली फ्रेम, आणि ट्रॅक्टरच्या चाकोरीच्या मागं, सगळीकडं उकरा. पत्रीनं एकेक पापुद्रा काढत जा, हातानं भसकन उकरलं की बी हलतं. माप घ्यायचं ते तासाच्या तळापासून, शेजारच्या वरंब्यापासून नाही. वरची माती कोरडी दिसली म्हणून कॅनोला ओलीच्या मागं खोल ढकलायचा मोह होतो, त्यापेक्षा वर टाकून पावसाची वाट बघणारे जास्त वेळा जिंकलेत असं मी तरी पाहिलंय.

उगवल्यावर गारठा पडला तर सकाळी सातला शेतात जाऊन रडू नका. गव्हाचा वाढीचा शेंडा अजून जमिनीखाली असतो, पानं करपली तरी तो परत येतो. कॅनोलाचा शेंडा दोन पानांच्या मध्ये उघडा असतो, त्याला खरा धोका. तीन-चार दिवस थांबा, मध्यात हिरवं फुटतंय का बघा, मगच दुबार पेरणीचं बोला. फार उशीरही परवडत नाही, पीक विम्याची तारीख साधारण २० जून आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला परत गारठा दारात.

मसूर-वाटाणा असेल तर पेरणीनंतर दगड वेचणं आणि रोलर फिरवणं आलंच, काढणीला कटर जमिनीला टेकवून चालवावा लागतो म्हणून. पाठ मोडते. हीच मसूर पुढं आपल्याकडच्या वाण्याच्या दुकानात पोचते हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, मग भाव का एवढा?

आणि मध्येच पाऊस आला तर ड्रिल तसंच उभं करून जेवायला पळू नका. टाकीतलं खत हवेतली ओल ओढतं, पाइपात घट्ट बसतं, सकाळी मॉनिटरवर सगळे रन, म्हणजे बी-खताच्या नळ्या, तुंबल्या म्हणून लाल. बी-खत मोजून सोडणारे मीटर बंद करा, ते पाइपातून ढकलणारा पंखा दोन मिनिटं चालू ठेवून पाइप रिकामे करा, टाक्यांची झाकणं आवळा, ओपनर वर उचलून त्यांची तोंडं बघा. मग जा जेवायला.