ड्राइव्ह इम्पॅक्ट लॅगमध्ये खपतो, शेजारी बसून नाही

स्ट्रीट फायटर ६ या मारामारीच्या गेममध्ये ड्राइव्ह इम्पॅक्ट (समोरच्याचा वार झेलत मारायचा जड फटका) लागायला २६ फ्रेम (सेकंदाला ६०) जातात, म्हणजे साधारण ४३३ मिलिसेकंद. शेजारी बसलेला माझा धाकटा भाऊ तेवढ्यात आरामात उलटा इम्पॅक्ट, म्हणजे उत्तरादाखल स्वतःचा इम्पॅक्ट, मारतो. ऑनलाइन १०० पिंगला (सिग्नल जाऊन यायला १०० मिलिसेकंद) मात्र रोलबॅक, म्हणजे उशिरा पोचलेली चाल मागाहून जुळवून घेणारी पद्धत, पहिल्या दोन-तीन फ्रेम गिळतो, आणि समोरच्याला इम्पॅक्ट उशिरा दिसतो.

म्हणून आधी पिंग बघा. जास्त असेल तर समोरचा कोपऱ्यात सापडेपर्यंत थांबा, मग टाका. तिथे त्याने ब्लॉक केला तरी भिंतीवर आदळतोच. एकदा उलटा खाल्लात की पुरे, त्याची नजर बसलीय. (मुद्दाम वायफाय बिघडवणं ही लबाडी. केबल लावा.)

ऑफलाइन जाताना ही खोड घरी ठेवा. कॉलेजच्या फेस्टमध्ये मी पहिल्याच राउंडला तीन टाकले, तिन्ही उलटे बसले.