‘उसनं’ घेतलं की दिलं? इंग्रजी शब्द वाक्यासकट शिकण्याची पद्धत

पहिल्या नोकरीत मी एका सहकाऱ्याला विचारलं होतं, “कॅन यू बॉरो मी युवर स्टेपलर?” त्याने स्टेपलर पुढे केला, पण बोलायला काही क्षण घेतले. ‘बॉरो’ म्हणजे ‘उसने’ हे मला शाळेपासून पाठ होतं, तरी वाक्य चुकलं. मराठीत ‘उसनं’ हा शब्द एकच. घेतलं की दिलं ते आपण पुढच्या क्रियापदातून सांगतो. इंग्रजीत घेणाऱ्यासाठी ‘बॉरो’ आणि देणाऱ्यासाठी ‘लेंड’. वहीच्या पानावर मधोमध रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, ही आपली जुनी रीत नेमकी इथे तोकडी पडते.

आता मी आमच्या सोसायटीतल्या काही जणींना रविवारी इंग्रजी शिकवते. तिथे जी पद्धत चालली, ती सांगते.

शब्द आपल्या दिवसातून उचला. अवघड शब्दांच्या याद्या बाजूला ठेवा. औषधाच्या पाकिटावर, लिफ्टमधल्या सूचनेत, मुलांच्या शाळेच्या मेसेजमध्ये जो शब्द अडला तो घ्या. रोज चार-पाच पुरे. त्याहून जास्त घेतले की उजळणी मागे पडते.

कोश नीट निवडा. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठीचा मोठा कोश नको. ‘लर्नर्स डिक्शनरी’ घ्या. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांचे असे कोश इंटरनेटवर मोफत पाहता येतात. त्यांच्या व्याख्या मोजक्या, सोप्या शब्दांत लिहिलेल्या असतात. लाँगमनचा असा कोश १९७८ साली निघाला तेव्हा त्यातल्या व्याख्यांसाठी साधारण २,००० शब्दच वापरले होते. या कल्पनेचं एक मूळ आपल्याच उपखंडात आहे. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षक फाळणीपूर्वी ढाक्यात काम करत होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचताना काय जड जातं हे त्यांनी जवळून पाहिलं, आणि १९३५ मध्ये जेम्स एंडिकॉट यांच्यासोबत केलेल्या कोशात फक्त १,४९० शब्दांत सगळ्या व्याख्या बसवल्या. म्हणून व्याख्या इंग्रजीत आहे या भीतीने पान उलटू नका. ती आपल्यासारख्यांसाठीच लिहिलेली असते.

व्याख्या वाचा, मग मराठी शब्दाशी ताडून पाहा. इथे घाई करू नका, खरं शिक्षण याच पायरीवर होतं. आमच्या वर्गात एकदा ‘लीक’ हा शब्द आला. सगळ्या एका सुरात म्हणाल्या, “गळणे.” बरोबरच आहे. मग व्याख्या वाचली. तिचा आशय असा: एखाद्या वस्तूला बारीक भोक किंवा चीर पडून तिच्यातून पाणी, तेल किंवा गॅस बाहेर येणे. आता मराठीतलं ‘गळणे’ आठवा. छत गळतं, नळ गळतो, नाक गळतं, केस गळतात, पानंही गळतात. यातलं ‘लीक’मध्ये काय बसतं? छत आणि नळ. केस हे पाणीही नाहीत आणि गॅसही नाहीत, म्हणून ‘माय हेअर इज लीकिंग’ होत नाही. ‘माय हेअर इज फॉलिंग आउट’ होतं. नाकासाठी ‘माय नोज इज रनिंग’. पानांसाठी साधं ‘फॉल’. एका मराठी शब्दासमोर इंग्रजीचे तीन-चार शब्द उभे राहिले, आणि कुठला कधी वापरायचा हे व्याख्येनेच सांगितलं.

वहीत मराठी अर्थ लिहूच नका असं मी म्हणत नाही. लिहा, पण व्याख्येच्या खाली आणि कंसात.

उदाहरणवाक्यात शब्दाचे शेजारी शोधा. कोशातली किमान दोन वाक्यं मोठ्याने वाचा आणि शब्दाच्या मागेपुढे काय आलंय त्याखाली रेघ मारा. ‘बॉरो’नंतर ‘फ्रॉम’ येतं: ‘आय बॉरोड अ लॅडर फ्रॉम अवर नेबर.’ ‘लेंड’नंतर थेट माणूस येतो: ‘शी लेंट मी हर अम्ब्रेला.’ ज्या जागी मराठी आपल्याला ओढते तिथे जास्त लक्ष द्या. आपण ‘तिच्याशी लग्न झालं’ म्हणतो, म्हणून तोंडात ‘मॅरिड विथ’ येतं. इंग्रजीत ‘मॅरिड टू’. आपण ‘त्याविषयी चर्चा’ करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ होतं. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागतच नाही. ‘लाइट बंद कर’चं ‘क्लोज द लाइट’ होतं. तिथे ‘टर्न ऑफ’ हवं. असे शब्द सुटे पाठ करू नका, शेजाऱ्यासकट उचला.

आपलं स्वतःचं, खरं वाक्य लिहा. ‘राम’ आणि ‘सीता’ नकोत, आज घडलेलं लिहा. वर्गातल्या एका काकूंनी लिहिलं होतं, ‘अवर किचन टॅप इज लीकिंग सिन्स ट्यूजडे.’ प्लंबर तीन दिवस येतो येतो म्हणत होता, त्यामुळे वाक्य अगदी मनातलं होतं. ‘सिन्स’ आलं की ‘हॅज बीन लीकिंग’ हवं, एवढंच सुधारलं. पुढच्या रविवारी प्लंबर येऊन गेला होता, पण ते वाक्य त्यांना जसंच्या तसं आठवत होतं.

उजळणी उलट्या बाजूने करा. पोस्टकार्डाएवढा कागद घ्या. एका बाजूला व्याख्या आणि शब्द गाळलेलं तुमचं वाक्य, दुसऱ्या बाजूला शब्द. व्याख्या वाचून शब्द आठवायचा. शब्द बघून अर्थ सांगणं फारच सोपं असतं आणि बोलताना त्याचा उपयोग होत नाही. दुसऱ्या दिवशी एकदा, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पाहा. आठवला नाही तर ते कार्ड पुन्हा पहिल्या दिवसाच्या गठ्ठ्यात टाका. बुटांची रिकामी खोकी यासाठी उत्तम. त्यात पुठ्ठ्याचे तीन कप्पे करा: उद्याचा, तीन दिवसांचा आणि आठवड्याचा. खोकं चहाच्या डब्याशेजारी ठेवा, म्हणजे पाणी उकळेपर्यंत पाच-सहा कार्डं होतात.